पिशवीमागे कचरा शुल्क: प्रस्तावावर ग्रुपवरची चर्चा

सचिव: नमस्कार मंडळी. सध्या कचऱ्याचं शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखंच आहे. एका घरातून रोज भरलेली बादली निघते, दुसऱ्यातून आठवड्याला एक, तरी बिल तेच. कमिटीपुढचा प्रस्ताव असा: ओल्यातही जात नाही आणि भंगारातही जात नाही असा उरलेला कचरा फक्त सोसायटीच्या छापील पिशवीत द्यायचा. ती पिशवी विकत घ्यायची. ओला आणि सुका नीट वेगळा करून दिला तर त्याला पैसे नाहीत. जनरल बॉडीत मांडण्याआधी ज्यांना यातलं कळतं त्यांनी कच्चे दुवे इथेच दाखवावेत.

बी-७०२: पाठिंबा आहे, पण क्रम चुकू देऊ नका. पिशवी सगळ्यात शेवटी यायला हवी. आधी ओल्या कचऱ्याची रोजची व्यवस्था, मग सुक्याचा ठरलेला दिवस आणि ठरलेली जागा. या दोन्ही गोष्टी किमान दोन महिने सुरळीत चालल्या की मगच शुल्क. हाँगकाँगचं उदाहरण ताजं आहे. तिथे कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला, तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली, शेवटी एप्रिल २०२४ मध्ये १४ ठिकाणी चाचणी घेतली आणि मे महिन्यात योजना बेमुदत पुढे ढकलली. पुनर्वापराच्या सोयी अपुऱ्या होत्या आणि सफाई कर्मचाऱ्यांवरचा बोजा वाढला होता. पर्याय हाताशी नसताना पिशवी विकली की लोकांना तो निव्वळ दंड वाटतो.

ए-३०४: काका, पण दक्षिण कोरियात तर हे देशभर लागू झालं ना?

बी-७०२: हो, १ जानेवारी १९९५ पासून. त्याआधी १९९४ मध्ये काही भागांत चाचणी झाली होती. आणि पुनर्वापराचा माल वेगळा दिला तर तो पहिल्यापासून फुकट. तैवानची राजधानी तैपेई, तिचंही तसंच. तिथे आधी कचरा शुल्क पाण्याच्या बिलाला जोडलेलं होतं. पाणी किती वापरलं यावरून कचरा किती झाला हे काही कळत नाही. १ जुलै २००० पासून त्यांनी ते तोडून पिशवीवर आणलं.

खजिनदार: आता पैशांचं बोलतो, कारण योजना सगळ्यात आधी इथे कोसळते. सगळा खर्च पिशवीच्या किमतीतून काढायचा मोह होईल. तो टाळा. सफाईचे पगार, गाडीच्या फेऱ्या, कचरा खोलीचं पाणी आणि वीज हे खर्च पिशव्या निम्म्या झाल्या तरी निम्मे होत नाहीत.

समजा वर्षाचा एकूण खर्च १०० भाग आहे. त्यातले ६५ भाग मेंटेनन्समधून सगळ्यांकडून सारखे घेतले आणि ३५ पिशव्यांतून काढायचे ठरवले. पिशव्यांची विक्री अंदाजापेक्षा ४० टक्के कमी झाली तर खड्डा १४ भागांचा. सगळेच १०० पिशवीवर टाकले असते तर खड्डा ४० चा. मग किंमत वाढवावी लागते, किंमत वाढली की विक्री आणखी घटते, आणि हे चक्र थांबत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी मूळ शुल्क वेगळं आणि पिशवीचं वेगळं, अशी दुहेरी रचना आहे ती याचसाठी.

सी-१०१: मग पिशवीची किंमत काढायची कशी?

खजिनदार: पिशव्यांवर टाकलेला खर्च भागिले विकल्या जाणाऱ्या पिशव्या. गोम दुसऱ्या आकड्यात आहे. आज जेवढ्या पिशव्या निघतात तो आकडा धरला तर वर्षाअखेर तोटा नक्की, कारण शुल्क लागलं की पिशव्या कमी होणारच. आजच्या ६० टक्केच धरा. हा आकडा हवेतला नाही, याच्याजवळ जाणारं मोजमाप झालेलं आहे. ताई, तुम्ही सांगा.

डी-५०३: अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल गावी जुलै १९९२ पासून प्रत्येक पिशवीला विकतचं स्टिकर लावणं सक्तीचं झालं. अभ्यासकांनी काही घरांचा कचरा शुल्काच्या आधी आणि नंतर प्रत्यक्ष वजन करून पाहिला. कचऱ्याचं आकारमान ३७ टक्क्यांनी घटलं, वजन मात्र फक्त १४ टक्क्यांनी. म्हणजे लोकांनी कचरा थोडा कमी केला आणि पिशवी बरीच जास्त ठासली. पुनर्वापराच्या मालाचं वजन १६ टक्क्यांनी वाढलं. कचरा जेवढा घटला त्यातला सुमारे २८ टक्के भलतीकडे टाकला गेला असावा, असाही त्यांचा अंदाज होता.

माझी कळकळीची विनंती आहे की यश पिशव्या मोजून ठरवू नका. कचरा खोलीत काटा ठेवा आणि ओला, सुका, उरलेला अशी तीन वजनं रोज वहीत लिहा. उरलेल्याचं वजन घटलं आणि सुक्याचं किंवा ओल्याचं वाढलं तर योजना चालली. उरलेला घटला आणि बाकी दोन्ही जागच्या जागी राहिले, तर कचरा कुठेतरी दुसरीकडे जातोय. मग जिने, गच्ची, बागेची मागची भिंत, सगळं बघावं लागेल.

ए-३०४: ताई, वजनावरच शुल्क का नको मग?

डी-५०३: उरलेल्या कचऱ्याला वजन परवडत नाही. प्रत्येक पिशवी मोजायची, फ्लॅटच्या नावावर टाकायची, त्यावरून वाद होणार. पिशवीत मोजणी आपोआप होते, पैसे आधीच आलेले असतात, उधारी राहत नाही. ओल्याला मात्र वजनच योग्य, कारण तो जड असतो आणि जागा कमी घेतो, पिशवीच्या हिशोबात दिसतच नाही. कोरियात बऱ्याच अपार्टमेंटमध्ये ओल्या अन्नकचऱ्याच्या डब्याला कार्ड दाखवायचं, झाकण उघडतं, वजन त्या घराच्या खात्यात जातं. आपल्याला पहिल्या वर्षी एवढं नको. ओला फुकट ठेवा, फक्त निथळून आणायला सांगा. चाळणीत रात्रभर ठेवला तरी खतासाठी तो पुष्कळ सुधारतो आणि वासही कमी येतो.

सचिव: पिशवी कशी असावी? एक नमुना मागवलाय, पण तो पातळ वाटतोय.

बी-७०२: इथे कंजुषी नको. लोक पिशवी ठासून भरणार हे गृहीत धरूनच जाडी ठरवा. चुरचुर आवाज करणारी पातळ पिशवी वजन बऱ्यापैकी पेलते, पण टोकदार काही लागलं की एका फटक्यात उभी फाटते. मऊ, ताणली जाणारी पिशवी घ्या, ४० ते ५० मायक्रॉनची. तळाची शिवण तपासा. पिशवीत पाणी भरून दहा मिनिटं टांगून ठेवा, कोपऱ्यातून ठिबकली तर तो माल परत पाठवा. विकत घेतलेली पिशवी जिन्यात फुटली की दुसऱ्या दिवशी अर्धी बिल्डिंग योजनेच्या विरोधात.

आकार तीन ठेवा: १०, २० आणि ३० लिटर. झुरिकमध्ये १९९३ पासून शुल्काची पिशवी आहे, तिथेही १७ पासून ११० लिटरपर्यंत वेगवेगळे आकार मिळतात. एकट्या माणसाला ३० लिटरची घ्यायला लावली तर ती भरेपर्यंत घरात कुजत राहील. किंमत लिटरच्या प्रमाणातच असू द्या. मोठी पिशवी लिटरमागे स्वस्त ठेवली तर जास्त कचरा करणाऱ्यालाच सवलत दिल्यासारखं होईल.

सी-१०१: पिशवीऐवजी स्टिकर स्वस्त पडेल का? घरातली कुठलीही पिशवी चालेल.

बी-७०२: छपाई स्वस्त, पण डोकेदुखी जास्त. ओल्या पिशवीवर स्टिकर टिकत नाही, आणि दुसऱ्याच्या पिशवीवरचं काढून आपल्या पिशवीला लावणारे निघतात. पिशवीचा आकारही ठरलेला राहत नाही. तरी स्टिकरच करायचं ठरलं तर मानेभोवती गुंडाळायची पट्टी घ्या, मध्ये बारीक चिरा दिलेली. सोडवायला गेलं की ती तुटते.

डी-५०३: पिशवी अर्धपारदर्शक हवी, रंग पिवळा किंवा हिरवा. आतला तपशील दिसायला नको, पण बाटल्या किंवा ओला लगदा भरलाय एवढं बाहेरून कळलं पाहिजे. गाठ टेपशिवाय बसली पाहिजे, हा नियम पिशवीवरच छापा. नाहीतर पुठ्ठा उभा करून आणि टेप गुंडाळून २० लिटरच्या पिशवीची ३० लिटरची होते.

खजिनदार: विक्रीबद्दल एक. वॉचमनच्या हातात रोख पैसे द्यायचे नाहीत. दहाचं सीलबंद पाकीट, त्यावर अनुक्रमांक, वहीत फ्लॅट नंबर आणि सही, रक्कम पुढच्या मेंटेनन्स बिलात. पिशवीवर वर्षाचा शिक्का असू द्या. किंमत वाढणार असं कळलं की लोक साठा करतात, म्हणून जुना शिक्का किती महिने चालेल ते आधीच जाहीर करावं. भाडेकरूंनाही थेट पाकीट घेता आलं पाहिजे. दरवेळी मालकाला विचारून या असं झालं तर ते घेणारच नाहीत.

ए-३०४: ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे किंवा अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आहेत त्यांचं काय? डायपर काही कमी करता येत नाहीत.

डी-५०३: त्यांना सुरुवातीपासून सूट हवी, आणि अर्ज करून गयावया करायला लावू नका. सचिवांकडे एकदा कळवलं की दर महिन्याला ठरलेल्या जादा पिशव्या घरपोच. पैशांत सवलत देऊ नका, पिशव्याच द्या, हिशोब सोपा राहतो.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, वेगळे आणि फुकट घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. त्यावर पैसे लावले तर पॅड संडासात जातील. तुंबलेली ड्रेनेज लाइन मोकळी करायचा खर्च आणि ते काम करणाऱ्या माणसाचे हाल, दोन्हीपुढे पिशव्यांची बचत काहीच नाही.

सी-१०१: मग प्रत्येक घराला महिन्याला चार-पाच पिशव्या फुकटच का देऊ नयेत? विरोध कमी होईल.

खजिनदार: विरोध कमी होईल, परिणामही कमी होईल. ज्याला तेवढ्या पुरतात त्याला कमी करायचं कारणच उरत नाही, आणि उरलेल्या पिशव्या शेजाऱ्याकडे जातात. फुकट द्यायच्याच असतील तर पहिल्या दोन सरावाच्या महिन्यांत द्या. त्या काळात पिशवी सक्तीची, पैसे नाहीत. कुठला आकार किती लागतो तेही कळेल आणि पुढची ऑर्डर बरोबर देता येईल.

बी-७०२: गार्बेज च्यूट, म्हणजे मजल्यावरून कचरा थेट खाली टाकायची नळी, चालू असेपर्यंत मात्र यातलं काहीच लागू होणार नाही. च्यूटमध्ये कुणी काय टाकलं ते कळत नाही, आणि वरून पडलेली पिशवी खाली फुटते, मग ती छापील होती की नव्हती कोण सांगणार? सरावाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक मजल्यावरचं तोंड बोल्ट लावून बंद करा. बंद करण्याआधी नळी आतून धुऊन घ्या, नाहीतर महिनाभर वास येत राहील.

सामायिक कचऱ्याचीही पिशवी सोसायटीने हिशोबात धरावी. जिने झाडलेला केर, ऑफिसचा कागद, क्लब हाउसमधला कचरा. ते डबे उघडे राहिले तर घरचा कचरा हळूहळू तिकडे सरकतो. डब्याच्या झाकणाला मूठभर वस्तू जाईल एवढंच भोक ठेवा.

सचिव: साध्या काळ्या पिशवीत कुणी कचरा ठेवला तर? सफाई कर्मचाऱ्यांनी ती उचलायची की नाही?

डी-५०३: उचलायची, पण उघडायची नाही. हे लेखी द्या. कुणाचा कचरा आहे ते शोधायला पिशवीत हात घालायला लावणं म्हणजे काच, ब्लेड किंवा सुई लागण्याचा धोका त्यांच्या माथी मारणं. शिवाय रहिवाशांशी भांडण त्यांच्या वाट्याला येतं आणि त्यात त्यांची बाजू कुणी घेत नाही. पद्धत अशी ठेवा: दारासमोर चुकीची पिशवी दिसली तर त्यावर लाल चिठ्ठी अडकवायची, फोटो सचिवांना, पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच. त्यात ओलं असेल तर लगेच उचलायची आणि एका छापील पिशवीची किंमत त्या फ्लॅटच्या बिलात. जिन्यात किंवा लिफ्टमध्ये बेवारस सापडली तर खर्च सोसायटीचा. पूर्ण मजल्याला दंड लावू नका. पाच प्रामाणिक घरं एका घरासाठी भरतात आणि पुढच्या महिन्यात तीही काळी पिशवी वापरायला लागतात.

ए-३०४: घरकामाला येणाऱ्या ताई कचरा खाली नेतात त्यांनाही सांगावं लागेल.

डी-५०३: अगदी बरोबर. त्यांच्यासाठी लिफ्टजवळ चित्रांचा तक्ता लावा, तीन डबे आणि छापील पिशवीचा खरा फोटो. चूक झाली तर चिठ्ठी फ्लॅटच्या नावाने, त्यांच्या नावाने कधीच नाही.

बी-७०२: सुक्याच्या डब्यावर पहिले सहा आठवडे कुणीतरी उभं राहायलाच हवं. पैसे वाचवायला उरलेला कचरा सुक्यात लपवला जातो. एका डब्यात दोन-तीन खरकटी पाकिटं पडली की सगळा कागद भिजतो आणि भंगार घेणारा तो गठ्ठा नाकारतो. सुका पारदर्शक पिशवीत किंवा मोकळाच मागा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वेगळ्या खोक्यात. गाद्या, मोडकं फर्निचर आणि बंद पडलेली उपकरणं पिशवीच्या योजनेत घेऊच नका, त्यासाठी महिन्यातून एक दिवस आणि वस्तूनिहाय दर.

सचिव: सर्वांचे आभार. सोमवारपासून दोन आठवडे रोज सकाळी तिन्ही प्रकारांचं वजन विंगनिहाय लिहून घेतो, त्याशिवाय दर काढायचा नाही. पिशव्यांचे नमुने दोन जाडींचे मागवतो, पाणी भरून टांगून बघू. च्यूट बंद करायचा ठराव वेगळा मांडतो. मोठा वजनकाटा अजून नाही, कुणाकडे ५० किलोपर्यंतचा टांगायचा काटा असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत ऑफिसमध्ये आणून द्यावा.

सी-१०१: माझ्याकडे आहे. वापरण्याआधी ५ किलोचं माप लावून तपासून घ्या, आणि डब्याचं रिकामं वजन वजा करायला विसरू नका.