मामा मेलबर्नला, पेन्शन सोलापुरात अडकली – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या मामांचा आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय 78. मुलगी मेलबर्नला असते. इतकी वर्षं ये-जा चालायची, दोन वर्षांपूर्वी मामा-मामींना तिकडचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाला आणि ते कायमचे तिथलेच झाले. पासपोर्ट अजून भारतीयच आहे. जुळे सोलापुरातलं घर आणि सगळी कागदपत्रं मी बघतो. डिसेंबरपासून मामांची पेन्शन जमा झालेली नाही.

ये-जा होती तोवर काही अडलं नाही. दिवाळीला यायचे, नोव्हेंबरात बँकेत जाऊन कोषागाराच्या यादीत नावापुढे सही करायचे, जानेवारीत गड्ड्याची जत्रा बघून परत. यंदा मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि येणं राहिलं. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला होतो असं ऐकलं होतं, म्हणून तेही करून पाहिलं. पण मामांचा इथला नंबर रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेला, तोच आधारला जोडलेला. ओटीपी कुठं जाणार? शेवटी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून हयातीचा दाखला घेतला आणि मूळ कागद कुरिअरनं मला पाठवला.

मी तो बँकेत नेऊन दिला. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का बघून विचारलं, "कायमचे तिकडेच असतात का?" मी भाबडेपणानं हो म्हणालो. झालं! खातं साधं बचत खातं, केवायसीवर पत्ता सोलापूरचा. आधी खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं) करा, मग बघू म्हणाल्या.

नियम त्यांच्या बाजूनं आहे, ते मान्य. परदेशात स्थायिक झालेल्या माणसाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे साधं बचत खातं ठेवता येत नाही, आम्हीच हे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं. पण माणूस हयात आहे हा एक मुद्दा आणि खातं कोणत्या प्रकारचं हा दुसरा. दुसऱ्यासाठी पहिला का अडवायचा? दाखला पुढे कोषागाराला पाठवला की ड्रॉवरमध्येच पडून आहे, हे चार खेपा घालूनही कुणी लेखी देत नाही. मामा फोनवर म्हणतात, "अरे, मी रोज तुझ्याशी बोलालोय, आणि त्यांना मी जिता आहे का विचारायचंय होय!"

म्हणून पहिला प्रश्न: असा दाखला मी बँकेला वगळून थेट कोषागारात देऊ शकतो का? कुणी दिलाय का? आणि एनआरओ करताना खाते क्रमांक बदलला, तर पेन्शनसाठी कोषागारात नव्यानं अर्ज लागतो का? खातं मामा-मामींचं जोडखातं आहे, दोघंही तिकडेच.

दुसरं करांचं. मामा आजवर 15एच फॉर्म भरून ठेवींच्या व्याजावरची करकपात टाळत आले. तो फॉर्म निवासी ज्येष्ठांसाठीच असतो. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर, म्हणजे 31.2 टक्के कापले जाणार. कमी उत्पन्नाला मिळणारी 87ए ची करसवलतही अनिवासींना नाही. पीआर असल्यानं ऑस्ट्रेलियात जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, हे त्यांच्या मुलीनं सांगितलं. दुहेरी करआकारणी टाळायचा करार दोन्ही देशांत आहे, पण राज्य सरकारची पेन्शन त्यात कुठे बसते? स्वतः विवरणपत्र भरलेल्यांनी सांगितलं तर बरं. इथल्या दोन सीएंनी दोन वेगळी उत्तरं दिली, फी मात्र दोघांनी सारखीच घेतली.

मामांना पुढे तिकडचं नागरिकत्वही घ्यायचंय. भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) घेतल्यावर महाराष्ट्र शासनाची पेन्शन चालू राहिलेलं कुणी ओळखीत आहे का? मी तूर्त थांबा म्हणालोय.

या सगळ्यासाठी माझ्या नावे मुखत्यारपत्र करून घेतोय. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, त्यामुळे मजकूर चुकला तर सगळं पुन्हा करावं लागेल. पेन्शन आणि एनआरओ दोन्हींसाठी चाललेला मसुदा कुणाकडे असेल, तर खाजगी माहिती खोडून पाठवाल का? मामा सोमवारी सही करायला जाणार आहेत.