अनुभव धागा : आईच्या आजारपणात दारात कोण उभं राहिलं?

परवा मामेबहिणीचा फोन आला. मामीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होणार. घरात काय तयारी करून ठेवू, असं ती विचारत होती. औषधं, रजा, डबे, पैसे, सगळ्यावर बोलणं झालं. फोन ठेवला आणि लक्षात आलं, माझ्या हातून जी चूक झाली तेवढीच सांगायची राहिली. म्हणून आधी माझं लिहिते, मग तुम्ही लिहा.

2018 साली आईला स्तनाचा कॅन्सर झाला. वय 61. आम्ही डोंबिवलीला. आधी ऑपरेशन, मग दर 21 दिवसांनी एक अशा 4 किमो, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा 12, शेवटी शेक. पहिल्या चारचं औषध लालभडक असतं, लघवीही लाल होते. सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. दुसऱ्या किमोच्या तीन-चार दिवस आधी उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले.

पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप 100.4 च्या वर गेला की रात्र असो की पहाट, हॉस्पिटल गाठायचं, गर्दी टाळायची, असं डॉक्टरांनी समजावलं. त्यातलं 'गर्दी टाळायची' एवढंच मी घट्ट धरलं. दारावर कागद चिकटवला, 'कृपया भेटायला येऊ नये'. नातेवाईक थांबले. आणि आईच्या भिशीच्या सहा जणीही थांबल्या. 30 वर्षांची भिशी, दर महिन्याच्या 5 तारखेला, एकदाही न चुकलेली. आई मला काही म्हणाली नाही. फक्त दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मला वाटलं, किमोचा थकवा.

तिसऱ्या किमोनंतरची 5 तारीख. दुपारी चारला खालून हाक आली. आमचं घर पहिल्या मजल्यावर. बघते तर सहाही जणी पारिजातकाखाली, घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून, तोंडाला रुमाल बांधून बसलेल्या. मध्ये स्टुलावर चिठ्ठ्यांचा डबा. "तिला गॅलरीत आण, चिठ्ठी तिनेच उचलायची आहे." आईने टोपी घातली, काढली. स्कार्फ बांधला, तोही सोडला. मग तशीच, बोडक्या डोक्याने गॅलरीत जाऊन बसली. खाली एकदम शांत झालं. मग सी विंगमधल्या काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या कानामागे तीळ आहे, इतक्या वर्षांत दिसलाच नव्हता की!"

आई हसली. पाववाल्यासाठी आमची दोरीला बांधलेली पिशवी असते, ती खाली सोडली, चिठ्ठ्या वर आल्या. दीड तास बसली ती. रात्री स्वतःहून भात मागितला, वर कोकमाचं सार.

पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, सर्दी-खोकला नसलेली एखादी मैत्रीण हात धुऊन शेजारी बसली तर काय हरकत आहे? मी कुठे मनाई केली होती? मी विचारलंच नव्हतं. त्या दोन महिन्यांची रुखरुख मला अजून आहे.

तर लिहा. तुमच्या घरी कोण आलं, कोण दुरावलं, घरातल्यांचं आपापसात कसं निभावलं. मामेबहिणीला दाखवायचं आहे, तेव्हा बारीकसारीकही चालेल.

*

लातूरकडचा मुलगा

आमची आई शेतात राबलेली. सकाळी उठल्यावर आधी मिश्री, मग चहा. गालात आतून जखम झाली, भरेना. मग तोंडच उघडेना, भाकरीचा घास जाईना. शेवटी परळला टाटाला नेलं. तिथं आमच्यासारखे किती! फुटपाथवर चटया टाकून बसलेली माणसं बघून पहिल्या दिवशी मी आईला सोडून कोपऱ्यावर गेलो आणि रडून आलो.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली. ज्यांना कुणाला जायचंय त्यांना सांगतो, रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्या. पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण माफी, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. आम्हाला पहिल्या दोन खेपांना माहीतच नव्हतं.

ऑपरेशनमध्ये जबड्याचा भाग काढला. नाकातून नळी. दूध, नाचणीची पातळ पेज, डाळीचं पाणी, सगळं फडक्यातून गाळून पिचकारीनं द्यायचं. आईला बोलता येईना. शेजारच्या खाटेवर बंगालची एक बाई होती, तिला मराठी येईना. ह्या दोघींची अशी गट्टी जमली की बघत राहावं. ती रोज संध्याकाळी आईची वेणी घालायची. आई तिला हातानं खुणा करून शेत किती, म्हशी किती, सून कशी ते सांगायची. तिला कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं. ती गावाला निघाली त्या दिवशी आईनं स्वतःच्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या काढून तिला घातल्या.

आणि गावाकडं माझा मित्र. आम्ही चार महिने मुंबईत, घरी दोन म्हशी. तो दोन्ही वेळच्या धारा काढायचा, डेअरीला दूध घालायचा, दुधाचा पगार झाला की पैसे मला फोनवर टाकायचा. 'काही लागलं तर सांग' असं तो एकदाही म्हणाला नाही. मी परत आलो तर गोठा सारवलेला, कडब्याच्या पेंढ्या नीट रचलेल्या.

आई घरी आली त्या आठवड्यात शेजारची चुलती चुलीवर तव्यात तंबाखू भाजत बसली होती, मिश्रीसाठी. आईनं जाऊन पदरानं तवा धरला आणि उकिरड्यावर पालथा करून आली. बोलली काहीच नाही, बोलता येतच नव्हतं.

*

दहावीतली मुलगी (तेव्हाची)

बाबा आईबरोबर हॉस्पिटलमध्ये, मी आणि धाकटा भाऊ घरी. मैत्रिणीची आई रोज डबा द्यायची. माझा वेगळा नाही, दोघींचा मिळून एकच मोठा डबा. त्यामुळे मला एकटीला कोपऱ्यात बसून खाता यायचं नाही. हे तिने मुद्दाम केलं होतं, हे मला पंधरा वर्षांनी कळलं.

*

श्टुटगार्टहून मुलगा

आई नाशिकला, मी इकडे, बहीण आईजवळ. आईला अंडाशयाचा कॅन्सर. मी रोज रात्री वाचायचो आणि बहिणीला पाठवायचो. हे विचार, ते तपासून घे, दुसरं मत घे. एक दिवस ती फोनवर म्हणाली, "दादा, तू तिकडून वाचतोस आणि मी इथे उलटीचं भांडं धरते. आता एकही लिंक पाठवू नकोस." आठ दिवस आम्ही बोललो नाही. सगळ्या आजारपणात मला सगळ्यात जड गेले ते हे आठ दिवस.

मग तिच्याच मैत्रिणीने मध्ये पडून आम्हाला कामं वाटून दिली. बिलं, विम्याचे कागद, पाठपुराव्याचे फोन, हे सगळं माझ्याकडे. ते परदेशातूनही होतं. आणि दुसरं, किमोच्या रात्री. त्या दिवशी स्टिरॉइड देतात, त्याने आईला झोप लागायची नाही. बहीण दिवसभर हॉस्पिटलमध्ये उभी राहून थकलेली. उन्हाळ्यात इथलं घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा माझे साडेनऊ. एक ते तीन हा माझा पहारा ठरला. बहिणीने दार लोटून झोपायचं, आईने कानात हेडफोन घालून माझ्याशी बोलायचं.

तिने मला आमच्या जुन्या वाड्यातल्या एकेका बिऱ्हाडाची हकिकत सांगितली. कोण कधी आलं, कोणाचं भाडं थकलं, कोणाच्या मुलीचं लग्न अंगणात लागलं. सहा किमो, सहा बिऱ्हाडं. ती आता बरी आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी असते. त्या बहिणीच्या मैत्रिणीला आम्ही घरातलीच मानतो.

*

सून, सांगली

आमच्याकडे एका जवळच्या नातेवाइकांनी 'हमखास गुण' म्हणून एक पावडर आणून दिली. सासूबाईंनी आम्हाला न सांगता घेतली. यकृताच्या तपासण्या बिघडल्या, किमो पुढे ढकलली. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की जे काही पोटात जातं ते मला सांगत जा. घरात मात्र मोठा वाद झाला. ते नातेवाईक त्यानंतर आले नाहीत. त्यांनी प्रेमानेच दिली होती, हे मलाही कळतं, पण तेव्हा मनातून ते उतरले ते उतरलेच.

मला लिहायचंय ते मामंजींबद्दल. 68 वर्षांचे, आयुष्यात स्वयंपाकघरात पाऊल नाही. त्यांनी एक दोनशेपानी वही आणली. रकाने आखले. ताप, वजन, किती पाणी, किती वेळा उलटी, शौचाला झाली की नाही. डॉक्टर प्रत्येक वेळी आधी ती वही मागायचे. सासूबाईंच्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या, त्या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, हात सुजू शकतो. हे दर वेळी नव्या माणसाला सांगावं लागायचं. मामंजींनी पांढऱ्या पट्टीवर लाल शाईने 'हा हात नको' असं लिहिलं, स्वतः सुईदोरा घेऊन ती ब्लाउजच्या बाहीवर टाचली. टाके वेडेवाकडे होते. सासूबाईंनी तो ब्लाउज अजून ठेवलाय.

*

मी आई आहे

सगळी मुलं-सुना लिहितायत, म्हणून मी आईच्या बाजूने लिहिते. 2015 साली माझे उपचार झाले. माझी मुलं गुणी आहेत, त्यांनी काही कमी केलं नाही. पण घरात शिरलं की ती कुजबुजायची आणि मला बघून गप्प व्हायची. 'आई, तू आराम कर' हे दिवसातून वीसदा. मला वाटायचं, आता ह्या घराला माझा काही उपयोग उरला नाही.

माझी शाळेपासूनची मैत्रीण आली, पिशवी घेऊन. "कशी आहेस" वगैरे काही नाही. माझ्यासमोर ताटात मटार ओतले आणि म्हणाली, सोल. लसूण आणली नव्हती. औषधाने माझी नखं काळी पडली होती, दुखायची, ते तिने फोनवर ऐकलेलं होतं. आम्ही दोघी सोलत बसलो. तिने तिच्या सुनेची तक्रार केली. मी तिला म्हटलं, चूक तुझीच आहे. ती चिडली. किती महिन्यांनी माझ्यावर कोणीतरी चिडलं होतं!

मुलांनो, आईला काहीतरी निवडायला द्या.

*

मुलगी, पुणे

माझी आई राहिली नाही, त्यामुळे लिहू की नको असं झालं होतं. लिहिते.

शेवटचे दोन महिने ती घरीच होती. दुखणं आवरायला मॉर्फिनच्या गोळ्या, दर 4 तासांनी, रात्रीसुद्धा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, रात्री दहा आणि मग दोन. दोनची मला धास्ती असायची. गजर लावायचे, तरी झोपच यायची नाही, वाटायचं उठलेच नाही तर? चुकून एकदा तसं झालंही. पहाटे आई कण्हत होती आणि मी झोपले होते.

हे मी आईच्या भजनी मंडळातल्या मावशींना सांगितलं. त्यांचं वय 70. म्हणाल्या, मला तशीही झोप नसते, दोन वाजता मी तुला रिंग देईन, तू निर्धास्त झोप. त्या रात्रीपासून रोज बरोबर दोनला फोन एकदा वाजायचा. मी उठायचे, गोळी द्यायचे, त्यांना उलट एक रिंग द्यायचे. दोघींपैकी कोणी बोलायचं नाही. सकाळी त्या येऊन आईच्या उशाशी बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणायच्या. आईचे ओठ हलायचे.

आई गेली. दिवसभर माणसं, मग सगळे पांगले. मी तिच्याच खोलीत आडवी झाले होते. रात्री दोनला फोन वाजला, आणि या वेळी एका रिंगवर थांबला नाही. उचलला.

"सवयीने लावला गं. जागी आहेस?"

"हो."

"मीही. थांब, आत्ता ठेवू नकोस."