दलाई लामांकडे राज्यसत्ता कधी आली? फलकांसाठी सनावळी तपासायची आहे

धंतोली_वाचक
वाचनालयात या हिवाळ्यात तिबेटच्या इतिहासावर फलक लावतो आहोत. दलाई लामांची सुरुवात कुठे १३९१, कुठे १५७८, तर कुठे १६४२ अशी दिलेली सापडते. कोणतं साल घ्यावं? शिवाय दीक्षाभूमीच्या गावात पहिला प्रश्न हाच येणार की, बुद्धांनी आत्मा नाकारला, मग लामा पुन्हा जन्म कसा घेतात? दोन-चार ओळींत काय लिहिता येईल?

पाली_अभ्यासक
तिन्ही सालं खरी आहेत, पण ती तीन वेगळ्या गोष्टींची आहेत. १३९१ मध्ये गेंदुन द्रुप यांचा जन्म झाला. ते त्सोंखापांचे शिष्य, म्हणजे दलाई लामांच्या गेलुग पंथाच्या प्रवर्तकांचे. हयातीत त्यांना कुणी दलाई लामा म्हटलं नाही. १५७८ मध्ये मंगोल सरदार आल्तान खानानं सोनम ग्यात्सो यांना ही पदवी दिली. ती आधीच्या दोघांनाही मागाहून लावली गेली, म्हणून सोनम ग्यात्सो तिसरे ठरले. राज्य मात्र त्यांच्याकडे नव्हतं. पुढे त्सांग या तिबेटी प्रांताचे राजे बळावले, ते कर्मा काग्यु पंथाचे पाठीराखे होते आणि गेलुग मठांशी त्यांचं वैर होतं. १६४२ मध्ये खोशुत मंगोलांच्या गुश्री खानानं त्सांगच्या राजाला हरवलं आणि पाचवे दलाई लामा लोब्सांग ग्यात्सो यांच्याकडे सत्ता सोपवली. गांदेन फोद्रांग सरकार तिथून सुरू होतं. पोताला राजवाड्याचं काम १६४५ मध्ये सुरू झालं.

राज्यसत्तेच्या फलकावर १६४२ च घ्या. पण ‘लामांच्या हाती प्रथमच सत्ता’ असं लिहू नका. तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या आश्रयानं साक्य पंथाच्या फाग्पांना तो अधिकार मिळालेला होता. बाहेरची लष्करी ताकद आणि आतला धर्मगुरू ही जोडी तेव्हापासूनची आहे, आणि तिबेटच्या राजकारणाचा बराचसा उलगडा तिच्यातच होतो.

दुसरी चूक म्हणजे १६४२ ते १९५९ अशी एक सलग पट्टी रंगवणं. पाचव्यांचा मृत्यू १६८२ मध्ये झाला आणि तो कारभाऱ्यानं सुमारे पंधरा वर्षं लपवून ठेवला. १७२० मध्ये चीनच्या छिंग राजवटीचं सैन्य ल्हासात आलं. नववे ते बारावे हे चारही दलाई लामा बावीस वर्षांचे होण्याआधीच वारले. वारस लहान मूल असल्यानं दर वेळी कारभार प्रतिशासकाकडे जायचा. एकोणिसाव्या शतकातली खरी सत्ता बहुतेक काळ तिथेच होती.

धंतोली_वाचक
फार मोलाचं. मग वारस लहान असणं एवढं अडचणीचं होतं, तर ही पद्धत टिकली कशी?

मठ_आणि_मालमत्ता
मठाधिपती ब्रह्मचारी, म्हणजे मुलगा नाही. साक्य पंथात हा पेच काकाकडून पुतण्याकडे गादी देऊन सुटत असे, पण त्यात मठ एका घराण्याच्या मुठीत राहतो. कर्मापांच्या, म्हणजे कर्मा काग्यु पंथाच्या प्रमुखांच्या परंपरेनं तेराव्या शतकात अवतार ओळखण्याची रीत रूढ केली. मठाची जमीन, शिष्य आणि मान पुढच्या अवताराच्या नावे राहिला आणि कुठल्याही गरीब घरातलं मूल त्या जागी बसू शकलं.

आत्म्याबद्दल फलकावर एवढंच लिहा: तिबेटी आचार्यही नित्य आत्मा मानत नाहीत. ते चित्तसंतती मानतात, म्हणजे एका क्षणातून पुढचा क्षण उपजत जाणारा प्रवाह. बाबासाहेबांची मांडणी याहून वेगळी आहे, हेही त्याच फलकावर स्पष्ट लिहा. दोन्ही एकच आहेत असं दाखवलं, तर दोघांवरही अन्याय होईल.

अर्जुनीकर
वारस निवडीचा सुवर्णकलश विसरू नका, चीनशी आजचा वाद त्यावरच आहे. गुरख्यांशी युद्ध झाल्यावर १७९३ मध्ये छिंग दरबारानं नियम केला: उमेदवार मुलांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून कलशात टाकायची आणि एक काढायची. नववे, तेरावे आणि सध्याचे चौदावे यांची निवड मात्र कलशाशिवाय झाली. ‘कलश ही अखंड परंपरा आहे’ हा चीनचा दावा इथेच लटका पडतो. १९९५ मध्ये दलाई लामांनी मे महिन्यात गेंदुन चोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला पंचेन लामा, म्हणजे गेलुग पंथातले दुसरे मोठे लामा, म्हणून मान्यता दिली. चीननं त्याला ताब्यात घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये कलशातून दुसऱ्या मुलाचं नाव काढलं. गेंदुन चोक्यी न्यिमाला त्यानंतर कुणी जाहीरपणे पाहिलेलं नाही. २ जुलै २०२५ ला दलाई लामांनी परंपरा पुढे चालेल आणि वारस ओळखण्याचा अधिकार गांदेन फोद्रांग न्यासाचाच राहील असं जाहीर केलं. राजकीय अधिकार त्यांनी २०११ मध्येच निर्वासित तिबेट्यांच्या निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले होते, म्हणून १६४२ ची पट्टी २०११ ला संपवा.

नकाशाही तपासून घ्या. १९६५ मध्ये स्थापन झालेला तिबेट स्वायत्त प्रदेश म्हणजे सगळं तिबेट नव्हे. तिबेटच्या पारंपरिक भागांपैकी आम्दोचा मोठा भाग छिंगहाई प्रांतात आणि खामचा बराच भाग सिचुआन प्रांतात येतो. चौदाव्यांचा जन्म आम्दोतल्या ताक्त्सेरचा, म्हणजे त्या प्रदेशाबाहेरचा. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहतीतून कुणी वडीलधारे फलक पाहायला आले, तर आधी नकाशात आपलं गाव शोधतील. तेव्हा उ-त्सांग, खाम आणि आम्दो हे तिन्ही भाग वेगळ्या रंगांत दाखवा.