श्रद्धेमुळे मन सावरतं, हे मान्य करायला आपण का कचरतो?

सांजवात
माझा धाकटा भाऊ गेला त्याला दोन वर्षं झाली. आईला सावरायला आम्ही सगळे होतो, पण रात्री दोनला ती उठून बसायची तेव्हा जागं कुणीच नसायचं. त्या वेळी ती प्रार्थना करायची. मी देव मानत नाही, आजही नाही. तरी सांगते, तिला जो आधार त्या प्रार्थनेतून मिळाला, तो देण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं. "तो सुखरूप आहे" असं ती म्हणते तेव्हा तिचे खांदे सैल पडलेले मला दिसतात.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1907 मध्ये धर्माची तुलना मंत्रचळाशी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकाराशी केली आणि 1927 मध्ये त्याला भ्रम म्हटलं. तोच सूर अजून सुशिक्षितांच्या बोलण्यात ऐकू येतो. श्रद्धाळू माणूस म्हणजे मनाने कच्चा, असं गृहीत धरलेलं असतं. माझी आई कच्ची नाही. मानसिक आरोग्यावर बोलताना श्रद्धेचं हे काम मोकळेपणाने मान्य करायला हवं, असं माझं मत आहे.

कवडसा
तुमच्या आईबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवते.

माझ्या बहिणीला तीव्र नैराश्य होतं. जवळच्या माणसांनी सांगितलं, तुझी प्रार्थना कमी पडते आहे, गोळ्या घेणं म्हणजे देवावर विश्वास नसणं. तिने औषधं बंद केली. दीड वर्ष गेलं त्यात.

त्या दीड वर्षात काय झालं ते नीट सांगते, कारण बाहेरून ते कळत नाही. नैराश्यात कशातच मन लागत नाही, गोडी वाटत नाही. मग प्रार्थनेत तरी कुठून वाटणार? ती डोळे मिटून बसायची आणि आत सगळं कोरडं. हे आजाराचं लक्षण आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही. तिने अर्थ लावला की देवाने आपल्याकडे पाठ फिरवली. म्हणजे आधी नुसतं दुःख होतं, आता त्यावर पापाची भावना चढली. जितकी जास्त प्रार्थना, तितकी जास्त खात्री की आपण टाकून दिलेले आहोत.

श्रद्धेचे गोडवे गाताना ही माणसं हिशेबात धरा, एवढंच म्हणणं आहे.

उंबरठा
कवडसा, तुमच्या बहिणीला जे झालं त्याचा अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये, इस्पितळात दाखल झालेल्या 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा सुमारे दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला सोडलं, देवाचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला. आजाराची तीव्रता, मनःस्थिती वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनही हा फरक राहिला. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण ही सगळी श्रद्धाळूच माणसं होती. "देव आहे का" यावर त्यांचं अडलेलं नव्हतं. "तो माझ्यावर रागावला आहे का" यावर अडलं होतं. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

रानवाट
मला वाटतं इथे श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतंय. धार्मिक माणसं जास्त समाधानी दिसतात, कारण त्यांना माणसं मिळतात. कुणी आजारी पडलं की दहा जण धावून येतात. लिम आणि पुटनम या संशोधकांचा अमेरिकेतला 2010 चा अभ्यास हेच सांगतो: प्रार्थनास्थळी नियमित जाणाऱ्यांचं समाधान तिथे जमलेल्या मित्रांशी जोडलेलं असतं.

मी श्रद्धा सोडली तेव्हा देव गेल्याचं फार दुःख झालं नाही. पण त्या गोतावळ्यातली माणसं एकेक करून बोलेनाशी झाली, तेव्हा कोसळलो. सावरायला चार वर्षं लागली. त्यामुळे माणसाला माणूस लागतो, बाकीचं नंतर.

सांजवात
रानवाट, तुमचं दुःख पोचलं. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे: नुसती मैत्री पुरत नाही. धर्म ही स्वतःची ओळख म्हणून मनापासून मानणाऱ्यांमध्येच तो परिणाम दिसतो. आणि मी पुन्हा रात्री दोनवरच येते. तिथे गोतावळा नव्हता. आई एकटी होती, आणि तिला एकटं वाटत नव्हतं.

पाणवठा
थोडं वेगळं. मला मंत्रचळ आहे, आणि तो प्रार्थनेतच शिरला होता. एक शब्द चुकला असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच वाईट विचार आला की तोंड धुऊन पुन्हा. सकाळचे तीन तास त्यात जायचे आणि घरचे कौतुकाने म्हणायचे, किती भाविक आहे!

उपचार सुरू झाले तेव्हा मला भीती होती की डॉक्टर धर्म सोडायला सांगतील. तसं काही झालं नाही. एकदाच म्हणायचं, चूक वाटली तरी परत फिरायचं नाही, आणि त्यानंतर येणारी घालमेल सोसायची, असा सराव होता. मी माझ्या धर्मगुरूंनाही विचारलं. ते म्हणाले, एकदा म्हटलंस की पोचलं. त्या दोघांचं एकमत झालं नसतं तर मी त्या सरावात टिकलो नसतो.

म्हणून कवडसा यांचा राग मला पटतो, आणि सांजवातही पटतात. श्रद्धाळू रुग्णाला डॉक्टरांनी त्याच्या देवाबद्दल विचारावं. बहुतेक जण संकोचाने विचारत नाहीत, आणि रुग्णही सांगत नाही.

कवडसा
पाणवठा, तुमच्या धर्मगुरूंसारखं एक माणूस तेव्हा आमच्या आसपास असतं तर!

उंबरठा यांचा मुद्दा मान्य. बहीण आता औषधं नियमित घेते आणि प्रार्थनाही पुन्हा सुरू केली आहे, स्वतःच्या मर्जीने, पाचएक मिनिटं. त्याला माझी हरकत नाही. पण ज्यांनी तिला गोळ्या बंद करायला सांगितलं ते अजूनही इतरांना तेच सांगत फिरतात. त्यांच्याबद्दल श्रद्धाळू मंडळींनी त्यांच्यातच बसून बोलायला हवं. माझ्यासारखीचं ते ऐकणार नाहीत, सांजवात. तुमच्या आईचं ऐकतील.