आधी लॉग की आधी पॅच? १८० दिवसांची अट आणि स्कॅनचा जाडजूड अहवाल

बॅलार्डकर (प्रश्न)

नमस्कार. बॅलार्ड इस्टेटमधील एका कस्टम्स क्लिअरिंग कंपनीचा आयटी विभाग मी सांभाळतो. मुख्य कार्यालय, भिवंडीचे गोदाम आणि न्हावा शेव्याजवळचे छोटे कार्यालय मिळून दीडशेच्या आसपास संगणक, काही विंडोज सर्व्हर, दोन लिनक्स सर्व्हर आणि एक फायरवॉल एवढा पसारा आहे. विभागात माझ्यासह तिघे आहोत. एका मोठ्या ग्राहकाने करार वाढवताना सुरक्षा तपासणीची अट घातली आणि तपासणीत दोन शेरे आले. पहिला असा की, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व यंत्रणांचे मागील १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रांवरील घडामोडींच्या नोंदी, दाखवता आले नाहीत. दुसरा असा की, व्हल्नरेबिलिटी स्कॅनमध्ये (यंत्रांतील सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्या तपासणीत) सापडलेल्या ‘क्रिटिकल’ आणि ‘हाय’ त्रुटी तीस दिवसांत मिटवाव्यात. त्यांचीच संख्या काही शेकड्यांत आहे. व्यवस्थापन या दोन्हींकडे स्वतंत्र खर्च म्हणून पाहते आणि या आर्थिक वर्षात एकाच खर्चाला मंजुरी मिळेल असे दिसते. लॉग सगळीकडे चालू आहेत, तरी काही सर्व्हरवर जेमतेम आठवड्याभराचेच सापडतात. आधी कोणते काम हाती घ्यावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

फोर्टातला तपासनीस

लॉग आठवड्याभराचेच का सापडतात, हे आधी सांगतो, कारण त्याला फारसा खर्च नाही. विंडोजवर सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार २० एमबीच्या आसपास असतो आणि तो भरला की जुन्या नोंदींच्या जागी नव्या लिहिल्या जातात. लिनक्सवरील ऑडिटडी ही नोंदी ठेवणारी सेवा मूळ सेटिंगमध्ये ८ एमबीच्या पाच फायली फिरवत राहते. गजबजलेल्या सर्व्हरवर एवढ्या जागेत १८० दिवस मावणे अशक्यच आहे. आकार वाढवून भागेल, असेही समजू नये. ज्या घुसखोराने अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवले, तो त्याच यंत्रावरचे लॉग पुसू शकतो. सिक्युरिटी लॉग पुसल्याची ११०२ क्रमांकाची नोंद विंडोज करते खरी, पण तीही तिथेच पडून राहिली तर तिच्याकडे पाहणार कोण? म्हणून वेगळा लॉग सर्व्हर उभारावा, त्यावर डोमेन अ‍ॅडमिनचे (कंपनीच्या सर्व विंडोज यंत्रांवर अधिकार असलेले) खाते चालू देऊ नये, आणि सर्व यंत्रांचे लॉग तिकडे पाठवावेत. लॉग गोळा करून तपासणारी वाझूसारखी मुक्त-स्रोत प्रणाली आपल्या आकाराच्या कंपनीला पुरेल. जागेचा अंदाज हवा असेल तर एका आठवड्याचे लॉग मोजून २६ ने गुणावे. मजकुराच्या स्वरूपातील लॉग कॉम्प्रेस केल्यावर पुष्कळ लहान होतात, त्यामुळे आकडा वाटतो तेवढा भीतिदायक निघत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. पॅच, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारा अपडेट, लावल्याने त्या त्रुटीतून पुढची घुसखोरी थांबते. त्याआधी कोणी आत येऊन गेले का, हे मात्र पॅच सांगू शकत नाही. लॉगफोरजे या जावा प्रणालीतील लॉगफोरशेल या त्रुटीचे उदाहरण घ्या. ही त्रुटी ९ आणि १० डिसेंबर २०२१ च्या सुमारास जगजाहीर झाली, तिला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले, आणि जगभरच्या आयटी विभागांनी दिवसरात्र पॅच लावले. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीने मात्र आपल्या नोंदींत गैरवापराचा प्रयत्न १ डिसेंबरपासूनच दिसत असल्याचे सांगितले होते. ज्या कंपनीने ११ तारखेला पॅच लावला, तिच्यासाठी आदल्या दहा दिवसांचा प्रश्न खुलाच राहिला आणि त्याचे उत्तर वेब सर्व्हरच्या जुन्या लॉगमध्येच शोधावे लागले.

यामुळे मी तपासणी करतो तेव्हा इंटरनेटला उघड्या असलेल्या यंत्रावरील गंभीर त्रुटी केवळ पॅच लावला म्हणून ‘मिटली’ असे मानत नाही. पॅच लागेपर्यंतच्या काळातले त्या यंत्राचे लॉग कोणी, कधी पाहिले आणि काय आढळले, हा शेराही मागतो. आपली दोन कामे इथे एकमेकांत गुंतलेली आहेत. व्यवस्थापनाकडे एकच प्रस्ताव न्यावा, हे माझे मत.

सर्व्हररूम, ठाणे

तत्त्व म्हणून हे मान्य आहे, पण तीन माणसांच्या विभागात लॉग वाचायला वेळ कोणाकडे आहे? कोणी न पाहिलेले लॉग हे तपासनीसाचे समाधान करण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत. न्हावा शेव्याजवळ कार्यालय असलेल्यांना २७ जून २०१७ आठवत असेल. नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज वाहतूक समूहाला ग्रासले आणि तिथल्या जेएनपीटी बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. तो ज्या विंडोज त्रुटीतून पसरला, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. आधी पॅच लावा, मग लॉगचे पाहू.

फोर्टातला तपासनीस

नॉटपेट्याबद्दलची आपली माहिती अर्धी आहे. तो त्या त्रुटीतून पसरत होताच. शिवाय एका यंत्राच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्ड उचलून पॅच लावलेल्या यंत्रांवरही शिरत होता. त्यामुळे ‘९५ टक्के यंत्रे पॅच झाली’ या वाक्याने मला कधीच हायसे वाटत नाही. वेळ नाही, हा मुद्दा मात्र खरा आहे. सगळे लॉग वाचायचेच नसतात. अ‍ॅडमिन खात्याचे अनपेक्षित यंत्रावरील लॉगिन, नवे अ‍ॅडमिन खाते, लॉग पुसले जाणे आणि एखाद्या यंत्राकडून लॉग येणेच थांबणे, एवढ्या घटनांचे इशारे लावले तरी चालेल. बाकीचे गरज पडेल तेव्हा शोधता यावे, इतकेच. सर्ट-इनला घटना कळवायला लक्षात आल्यापासून सहा तास मिळतात. त्या वेळी प्रत्येक यंत्रावर जाऊन फायली गोळा करायला सवड नसते.

पवईकर

दोन्ही कामे जोडणारी एक युक्ती सांगतो. स्कॅन खाते देऊन, म्हणजे यंत्रात लॉगिन करून, चालवत असाल तर स्कॅनरचे ते खाते त्या रात्री प्रत्येक यंत्रावर लॉगिन करते. दुसऱ्या दिवशी मध्यवर्ती लॉगमध्ये त्या खात्याच्या ४६२४ क्रमांकाच्या (यशस्वी लॉगिनच्या) नोंदी शोधाव्यात आणि स्कॅन झालेल्या विंडोज यंत्रांच्या यादीशी ताडून पाहाव्यात. जे यंत्र स्कॅनच्या यादीत आहे पण लॉगमध्ये नाही, त्याचे लॉगिंग बंद पडलेले असावे किंवा स्कॅनरला तिथे लॉगिन करता आलेले नसावे. उलट, लॉग पाठवणारे पण स्कॅनच्या यादीत नसलेले यंत्रही सापडते. भिवंडीसारख्या गोदामांत अशी यंत्रे हमखास निघतात. लिनक्ससाठी हेच एसएसएचच्या, म्हणजे दूरस्थ लॉगिनच्या, नोंदींवरून करता येते. आणि हो, स्कॅनरच्या खात्याला सगळीकडे मोठे अधिकार असतात, म्हणून ते खाते स्कॅनरच्या आयपी पत्त्याखेरीज कुठूनही वापरले गेले तर तत्काळ इशारा यायला हवा.

आधी कोणत्या त्रुटी मिटवायच्या हे ठरवताना तीव्रतेच्या गुणांवर जाऊ नये. सातच्या वरच्या त्रुटी इतक्या असतात की प्राधान्य असे उरतच नाही. अमेरिकेची सिसा ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींची यादी २०२१ पासून प्रसिद्ध करते. आपला अहवाल तिच्याशी जुळवून पाहावा. शेकड्यांतून मोजक्याच उरतील.

घड्याळांचेही पाहा. फायरवॉल यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणि सर्व्हर भारतीय वेळेत असेल तर साडेपाच तासांचा फरक ऐन चौकशीत गोंधळ घालतो. वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, जुळवण्याचा निर्देशही त्याच एप्रिल २०२२ च्या पत्रात आहे.

बॅलार्डकर

सर्वांचे आभार. एकत्रित प्रस्तावाचा मसुदा करतो आहे. एक अडचण उरते. भिवंडीच्या वजनकाट्याचे सॉफ्टवेअर केवळ विंडोज ७ वर चालते, काट्याच्या पुरवठादाराकडे नवी आवृत्ती नाही, आणि स्कॅनमध्ये सर्वाधिक ‘क्रिटिकल’ त्रुटी त्याच संगणकावर आहेत. तिथे पॅच कुठून आणायचा?

फोर्टातला तपासनीस

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला, त्यामुळे पॅच येणार नाही हे गृहीत धरावे. तो संगणक वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाकावा, इंटरनेट व ईमेल पूर्ण बंद करावे, आणि वजनाची फाइल ज्या एका सर्व्हरवर जाते तेवढाच मार्ग फायरवॉलमध्ये उघडा ठेवावा. त्या मार्गावरची प्रत्येक जोडणी, नाकारलेलीसुद्धा, फायरवॉलने लॉग करावी. यंत्राच्या स्वतःच्या लॉगवर विसंबू नये. त्यावर डोमेन अ‍ॅडमिनने कधीही लॉगिन करू नये. मग ही त्रुटी का मिटत नाही, कोणते उपाय केले आणि पुन्हा आढावा कधी घेणार, हे एका पानावर लिहून संचालकांची सही घ्यावी. आढाव्याची तारीख नसलेले असे पान मी तरी तपासणीत स्वीकारत नाही.