मदत हवी आहे: गिझर साफ करूनही गरम पाण्याला जोर नाही, शिवाय बादलीत चुरा येतोय

नमस्कार. दोन महिने या एकाच गोष्टीमागे आहे, आता जाणकारांनी वाट दाखवावी.

बाथरूममध्ये २५ लिटरचा गिझर आहे, ७ वर्षं जुना. पाणी बोअरचं, चांगलंच जड. गार पाणी धो धो येतं, गरम मात्र करंगळीएवढ्या धारेनं. मोजूनच सांगते: १० लिटरची बादली गार पाण्यानं ५० सेकंदांत भरते, गरम पाण्याला २ मिनिटं ४० सेकंद लागतात. बेसिनचा गरम नळही तसाच.

तीन आठवड्यांपूर्वी प्लंबरकडून गिझर साफ करून घेतला. आतून दोन मग भरून पांढऱ्या खपल्या निघाल्या. गिझर तापताना खदखद आवाज यायचा तो थांबला. धारही सुधारली, पण तीन-चार दिवसच. नंतर आधीपेक्षा कमी झाली. गरम पाण्याच्या बादलीत तळाशी पांढरा चुरा आणि थोडे काळे कण बसतात. नळाची जाळी आणि शॉवर काढून धुतले, फरक शून्य.

आईचे गुडघे दुखतात. बादली भरेपर्यंत ती स्टुलावर कुडकुडत बसते, ते बघवत नाही. प्लंबर म्हणतो गिझरच बदला. बदलून उपयोग होणार असेल तर बदलेन, पण खात्री वाटत नाही.

प्रतिसाद १

गिझर बदलायची घाई नको. आधी चुरा कसला ते बघा. चिमूटभर वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर घाला. फसफसून विरघळला तर क्षार. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कार्बोनेट होतं आणि ते खपल्यांच्या रूपात बसतं, म्हणून हा त्रास गरम बाजूलाच जास्त. विरघळला नाही आणि लालसर दिसला तर गंज, म्हणजे टाकी किंवा जुना लोखंडी पाइप. काळे कण बोटांत चुरडून बघा.

धागाकर्ती

केलं. पांढरा चुरा लगेच फसफसला, दहा मिनिटांत बराचसा विरघळला. काळे कण तसेच राहिले. मऊ आहेत, चुरडले की बोटाला काळं लागतं.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं प्लंबिंगची कामं करतोय. ताई, काळं लागतं म्हणजे रबर. एक तर वॉशर झिजलाय, नाहीतर कनेक्शन पाइपच्या (गिझर आणि भिंतीतली लाइन जोडणाऱ्या लवचिक पाइपच्या) आतलं रबर सुटतंय. शिवाय दोन्ही नळांना त्रास आहे, म्हणजे अडथळा दोन्हींच्या सामायिक वाटेवर आहे. नुसत्या शॉवरला असता तर मिक्सरवर, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळावर संशय घेतला असता.

आता अंदाज करत बसू नका, वाटेचे तुकडे पाडून तपासा. आधी एमसीबी (गिझरचा वीजपुरवठा तोडणारा स्विच) बंद करा आणि गिझरमधलं पाणी पूर्ण गार होऊ द्या, ही पायरी चुकवायची नाही. गिझरचा अँगल कॉक, म्हणजे त्याला गार पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ बंद करा. लाल खुणेकडचा, म्हणजे गरम पाणी बाहेर नेणारा कनेक्शन पाइप गिझरपासून सोडवा, खाली बादली धरा, मग अँगल कॉक हळूहळू उघडा. गिझरमध्ये जेवढं गार पाणी शिरतं तेवढंच गरम बाहेर पडतं, त्यामुळे इथली धार सगळं सांगते. इथेच बारीक असेल तर दोष गिझरमध्ये किंवा त्याच्या आधी: अँगल कॉक, निळ्या बाजूचा (गार पाणी आत नेणारा) पाइप, नाहीतर तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात पाणी उलट जाऊ न देणारी झडप असते, ती क्षारानं अडकते. पण जोर वाढावा म्हणून तो व्हॉल्व्ह काढून टाकायचा नाही. टाकीत दाब वाढला तर तोच वाचवतो. खराब निघाला तर तसाच नवा बसवा.

धार जोरात असेल तर कॉक बंद करून तोच पाइप पुन्हा गिझरला जोडा, दुसरं टोक भिंतीकडून सोडवून बादलीत धरा आणि परत बघा. सगळं जोडल्यावर गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत गिझर चालू करू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

धागाकर्ती

आज भावाला हाताशी घेऊन केलं. गिझरच्या तोंडाशी धार एकदम जोरात! बादली ५५ सेकंदांत भरली. पण कनेक्शन पाइप जोडून दुसऱ्या टोकाकडून पाणी घेतलं तर पुन्हा तीच बारीक धार. म्हणजे चोर या हातभर पाइपमध्येच होता. कापून बघितला: आतलं रबर फुगून सुटलेलं, एका जागी पिळा पडून चिमटलेलं, आणि त्या चिमटीत पांढऱ्या खपल्या गच्च बसलेल्या. वॉशरसुद्धा फुगून त्याचं भोक अर्ध्यावर आलेलं.

प्रतिसाद २

तीन-चार दिवसांचं कोडं इथेच सुटतं. साफसफाईनंतर तोच जुना पाइप परत जोडताना पिळला गेला असणार. धुताना सुट्या झालेल्या खपल्या टाकीत थोड्या राहतातच, त्या पाण्याबरोबर निघाल्या आणि त्या चिमटीत अडकल्या. गिझर उघडला की दोन्ही पाइप आणि वॉशर नवेच घालावेत. गरम पाण्याला चालणारा पाइप घ्या आणि आवळताना एका हातानं पाइप धरून ठेवा, म्हणजे पिळा पडणार नाही. थर्मोस्टॅट अगदी वर असेल तर ६० अंशांच्या आसपास आणा. त्याहून जास्त तापवलं की क्षार भराभर धरतात. फार खाली मात्र नेऊ नका, कोमट साठवणीत जंतू वाढतात.

धागाकर्ती

दोन्ही पाइप नवे घातले. गरम पाण्याची बादली ५८ सेकंदांत भरली! आई आज बाथरूममधून लवकर बाहेर आली. दादा, मनापासून आभार.

शॉवरची गरम धार मात्र अजून थोडी कमी वाटते. मिक्सरमध्ये खपल्या गेल्या असतील का?

प्रतिसाद १

शक्यता तीच. दोन्ही बाजूंचं पाणी बंद करून मिक्सरचं कार्ट्रिज (दांड्याखालचा, पाणी कमी-जास्त करणारा आतला भाग) काढा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. बसवण्याआधी कार्ट्रिजच्या जागेवर कापड धरून गरम बाजू क्षणभर सोडा, अडकलेला चुरा बाहेर येईल. हे करताना गिझर बंद आणि पाणी गार हवं.

धागाकर्ती

रविवारी उघडते, काय निघतं ते इथेच लिहीन.