मामाची मुलगी, जात्यावरची ओवी आणि संरचनावाद

प्रश्न (अंबाजोगाई)

नमस्कार. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी आजीकडून आणि तिच्या शेजारणींकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आहेत. सासर-माहेर, भाऊ-नवरा, शीव-उंबरा अशा विरोधी जोड्या त्यांत इतक्या सहज सापडल्या की संरचनावादी पद्धतीने, म्हणजे सुट्या गोष्टींऐवजी त्यांच्यातल्या नात्यांतून आणि विरोधांतून अर्थ शोधणाऱ्या पद्धतीने, त्यांचा तक्ता लगेच तयार झाला. परंतु ‘भाऊ-माहेर’ या एकाच रकान्यात बसलेल्या दोन ओव्यांपैकी एक आजी लग्नापासून म्हणते आणि दुसरी, हक्कसोडपत्रावर सही न केल्यामुळे भावाने बोलणे सोडले तेव्हापासून. तक्त्यात हा फरक कुठेच उमटत नाही. मग या पद्धतीचे बळ नेमके कशात आहे आणि ती कुठे अपुरी पडते?

उत्तर १ (नांदेड)

ताई, आधी बळाविषयी लिहितो. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आली. शब्दाचे मूल्य भाषेतल्या इतर शब्दांहून असलेल्या त्याच्या वेगळेपणातून ठरते, हा त्यांतला मुख्य विचार; मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्ये याच दृष्टीने नातेव्यवस्थेकडे पाहिले. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. मराठवाड्यातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, आत्याच्या मुलीशी मात्र चालत नाही. रक्ताचे अंतर दोघींशी सारखेच असताना हा भेद का, याचे उत्तर एकेक लग्न सुटे पाहून मिळत नाही. घराण्यांमधला व्यवहार म्हणून पाहिले की उलगडा होतो: ज्या घरातून आई आली त्याच घरातून सून आली, तर मुलगी देणारे घर आणि घेणारे घर यांची दिशा कायम राहते, आत्याची मुलगी आणली, तर ती उलटते. वेल माघारी आणू नये असे जुनी माणसे म्हणतात, त्यामागचे व्याकरण हेच. पाळणाऱ्यालाही सांगता न येणारा असा नियम उघड करण्यात या पद्धतीची बरोबरी करणारी दुसरी पद्धत मला दिसत नाही.

उत्तर २ (लातूर)

एक सावधगिरी बाळगावी. लोकसाहित्य म्हटले की रशियन लोककथा-अभ्यासक प्रॉप यांची ३१ कार्यांची, म्हणजे कथांत पुन्हापुन्हा येणाऱ्या ठरावीक कृतींची, यादी लावण्याचा मोह होतो. त्यांनी ती १९२८ मध्ये १०० रशियन अद्भुतकथांवरून बांधली आणि तिचा कणा म्हणजे घटनांचा ठरलेला क्रम. दळणारी बाई एका ओवीवरून दुसरीवर जाते तो क्रम तिच्या मनाचा असतो. तिथे ही यादी लावू नका.

उत्तर ३ (परभणी)

नांदेडच्या सरांनी दिलेले उदाहरण मला मान्य आहे. पद्धतीची मर्यादाही मला त्याच उदाहरणात दिसते. देणारे घर आणि घेणारे घर दोन्ही बोलतात, मात्र जिला दिले ती त्या वाक्यात कर्ता नाही. स्त्रीवादी अभ्यासक गेल रूबिन यांनी १९७५ मध्ये लेव्ही-स्ट्रॉस यांच्याच मांडणीतून स्त्रियांच्या दुय्यमत्वाचा शोध घेतला आणि ही बाब खुद्द लेव्ही-स्ट्रॉस यांच्या नजरेतून निसटल्याचे दाखवले. तसे पाहिले तर स्त्री केवळ चिन्ह, म्हणजे शब्दासारखी देवाणघेवाणीची खूण, होऊ शकत नाही, कारण ती स्वतःही चिन्हे निर्माण करते, हे लेव्ही-स्ट्रॉस यांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी मान्य केले होते. पण तो विचार त्यांनी पुढे नेला नाही. आजीची दुसरी ओवी नेमकी तिथून सुरू होते, असे मला मनापासून वाटते.

काळाचा प्रश्नही आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशपातळीवर २००५ मध्ये झाली. तेव्हापासून बहिणीच्या सहीला जे वजन आले, त्याने ‘भाऊ’ या शब्दाचा भाव घरोघरी बदलला. सगळ्या ओव्या एकाच क्षणी थांबवून पाहणाऱ्या तक्त्याला हा बदल दिसणार नाही. तरीही तक्ता टाकून देऊ नका. दोन ओव्या एकाच रकान्यात आल्या, म्हणून तर त्यांतला फरक तुम्हाला बोचला.

प्रश्नकर्ती

सर, मॅडम, मनापासून आभार. तक्ता ठेवते. आता गावी गेले की प्रत्येक ओवीसमोर ती केव्हापासून म्हटली जाते, कोणादेखत म्हटली जाते आणि कोण आले की थांबते, हे आजीजवळ बसून पुन्हा लिहून घेणार आहे.